नैरोबी की दार-ए-सलाम? पहिली माणसं नेमण्याआधीचा हिशेब

पूर्व आफ्रिकेत पंप, ठिबकचं साहित्य किंवा सॉफ्टवेअर घेऊन उतरायचं ठरलं की पुण्या-नाशिकच्या उद्योजकापुढे केनिया आणि टांझानिया हे दोन पर्याय हमखास येतात. शेजारी देश, दोन्हीकडे स्वाहिली, दोन्ही पूर्व आफ्रिकी समुदायाचे सदस्य. मग पगारावर मालकाचा वरखर्च किती टक्के, एवढंच विचारलं जातं आणि स्वस्त दिसेल तो देश निवडला जातो. मला ही पद्धत चुकीची वाटते. माणूस आजारी पडतो किंवा त्याला काढायची वेळ येते, तेव्हाचा खर्च दोन्हीकडे फार वेगळा आहे. निर्णय त्यावर व्हायला हवा.

तरी आधी टक्केवारीच पाहू, कारण दर महिन्याला पैसे तिथेच जातात.

केनियात महिना ६०,००० केनियन शिलिंग पगाराचा कर्मचारी धरा. एनएसएसएफ, म्हणजे तिथला भविष्यनिर्वाह निधी, ६ टक्के त्याचा आणि ६ टक्के तुमचा : प्रत्येकी ३,६०० शिलिंग. परवडणाऱ्या घरांसाठीचा कर दोघांचा दीड-दीड टक्का, प्रत्येकी ९००. आरोग्य विम्याचे २.७५ टक्के, म्हणजे १,६५०, फक्त त्याच्या पगारातून जातात. त्यात मालकाचा वाटा नाही. प्रशिक्षणासाठी माणशी ५० शिलिंग मालकाने भरायचे. कापलेल्या तिन्ही रकमा वजा करून उरलेल्या ५३,८५० वर प्राप्तिकर लागतो. २,४०० ची मासिक सूट धरून तो सुमारे ८,५४० येतो. त्याच्या हातात साधारण ४५,३०० पडतात, तुमचा खर्च ६४,५५०. म्हणजे वरखर्च साडेसात टक्क्यांच्या जरा वर.

टांझानियात १२ लाख टांझानियन शिलिंगांचा पगार घ्या (दोन्ही चलनांचं नाव एकच असलं तरी किंमत अगदी वेगळी आहे). निधीचे १० टक्के त्याचे, १० तुमचे. कामगार नुकसानभरपाई निधीला अर्धा टक्का तुमचा. कर्मचारी दहा किंवा जास्त झाले की कौशल्य विकास कर लागू होतो. त्याचा दर २०२३ मध्ये ४ वरून ३.५ टक्के झाला. निधी वजा करून १०,८०,००० वर कर १,५२,०००, कर्मचाऱ्याच्या हातात ९,२८,०००. तुमचा वरखर्च नऊ माणसांपर्यंत साडेदहा टक्के, दहापासून चौदा. दहावा माणूस आला की हा कर सगळ्यांच्या पगारावर लागतो, त्यामुळे त्याचा खरा खर्च त्याच्या पगारापेक्षा बराच जास्त असतो.

शिवाय केनियातल्या निधीला पगाराची वरची मर्यादा आहे आणि ती टप्प्याटप्प्याने वाढवली जाते. टांझानियात दहा टक्के पूर्ण पगारावर आहेत. मोठ्या पगाराच्या अभियंत्यांसाठी ही तफावत वाढतच जाते. पण ती रक्कम कर्मचाऱ्याच्या म्हातारपणाची आहे, म्हणून टांझानियाच्या दराला निव्वळ बोजा म्हणायला माझं मन तयार नाही.

केनियात डोकेदुखी आहे ती नियम बदलण्याच्या वेगाची. निधीचा २०१३ चा कायदा न्यायालयात अडकून पडला आणि २०२३ मध्ये वसुली सुरू झाली. घरांचा कर २०२३ मध्ये आला, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, आणि मार्च २०२४ मध्ये नवा कायदा करून तो परत आणला गेला. ऑक्टोबर २०२४ पासून आरोग्य विम्याची जुनी व्यवस्था जाऊन नवी आली. पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर एकदा बसवून विसरून जाता येईल अशी ही जागा नाही. नैरोबीत स्थानिक हिशेबनीस हवाच. भरणा पुढच्या महिन्याच्या ९ तारखेपर्यंत करायचा असतो. टांझानियात पगाराच्या करासाठी महिना संपल्यावर ७ दिवस मिळतात.

रजांमध्ये कागदावरचे आकडे फसवतात. केनियात वर्षाला २१ कामाचे दिवस, टांझानियात सलग २८ दिवस, त्यात सुट्ट्याही धरलेल्या. पाच दिवसांचा आठवडा असेल तर टांझानियाचे २८ म्हणजे जेमतेम २० कामाचे दिवस. सहा दिवस काम असेल तर तेच २४ होतात. आजारपणात मात्र फरक मोठा आहे. केनियात दोन महिन्यांच्या नोकरीनंतर वर्षाला किमान ७ दिवस पूर्ण आणि ७ दिवस अर्ध्या पगाराने. टांझानियात ३६ महिन्यांत १२६ दिवस, निम्मे पूर्ण पगाराने, निम्मे अर्ध्या. केनियात उतरलात तर कायद्याच्या किमान आकड्यावर थांबू नका. कारखान्यात हात दुखावलेल्या माणसाला दोन आठवडे पुरत नाहीत.

आता नोकरीवरून काढण्याचं. मराठी मालक इथे ग्रॅच्युइटीच्या सवयीने विचार करतो, कारण केनियाच्या कायद्यातही दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार दिसतो. तो फक्त पद रद्द केल्यावर द्यायचा आहे. पाच वर्षांची अट नाही, आणि स्वतःहून सोडून जाणाऱ्याला तो मिळत नाही. टांझानियात वर्षाची नोकरी झाल्यावर मालकाने काढलं तर वर्षामागे ७ दिवस, तेही जास्तीत जास्त दहा वर्षांचे. गैरवर्तनासाठी काढलेल्याला नाही. मासिक पगारदाराला नोटीस दोन्हीकडे २८ दिवसांची.

हे खर्च आधी मोजता येतात. महाग पडते ती चुकीची बडतर्फी. केनियात काढण्यापूर्वी कारण कर्मचाऱ्याला समजेल अशा भाषेत सांगून, त्याच्या सोबत्यासमोर त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं. परिवीक्षेतल्या माणसालाही हा हक्क आहे, असं न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं. चूक झाली तर भरपाईची कमाल मर्यादा १२ महिन्यांचा पगार. टांझानियाच्या २००४ च्या मूळ कायद्यात तोच १२ चा आकडा किमान होता. २०२५ मध्ये तिथल्या कामगार कायद्यांत दुरुस्त्या झाल्या आहेत, म्हणून नेमणूकपत्र लिहिण्याआधी ताजा मजकूर वकिलाकडून समजून घ्या. पहिले सहा महिने मात्र टांझानियात अन्याय्य बडतर्फीचा दावा चालत नाही. पारख करायची ती त्या काळात मनापासून करा. २०२१ पासून न्यायालयाची भाषाही स्वाहिली आहे, तेव्हा ताकीदपत्रं सुरुवातीपासून त्याच भाषेत द्या.

‘रोजंदारीवर घेऊ, कटकट नको’ हा मार्ग केनियात लवकर बंद होतो. रोजंदार सलग महिनाभर राबला की कायदा त्याला मासिक कर्मचाऱ्याचे हक्क देतो.

दहाच्या आत माणसं, चांगले पगार, पाच दिवसांचं कार्यालय असेल तर मी नैरोबी निवडेन. सहा दिवस चालणारं गोदाम किंवा कारखाना असेल तर केनियात सर्वसाधारण आठवडा ५२ तासांचा आणि टांझानियात ४५ चा, हा फरक पाळ्यांच्या हिशेबात धरा. दार-ए-सलाम निवडायचं ते वर्षानुवर्षं राहण्याच्या तयारीनेच. तिथे आपला व्यवस्थापक पाठवायचा तर कामाचा आणि राहण्याचा असे दोन वेगळे परवाने लागतात, आणि त्याची जागा पुढे स्थानिक माणूस कसा घेईल याची योजनाही करावी लागते. ती योजना परवान्यापुरती कागदावर ठेवू नका. ज्याला शिकवायचं त्या माणसाची नेमणूक पहिल्याच वर्षी करा.