मनगटावरचा बँड आणि २६,८७० रुपये

गेल्या डिसेंबरात कोल्हापुरात एका मैदानावर दोन दिवसांचा संगीत आणि खाद्यमहोत्सव भरला होता. तिथे संध्याकाळी २,००० रुपये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बसल्या बसल्या २४,८७० रुपये, असे एकूण २६,८७० रुपये मी स्वतःच्या हाताने अनोळखी माणसांच्या स्वाधीन केले. ‘स्वतःच्या हाताने’ हे शब्द मुद्दाम लिहितो, कारण माझा फोन कोणी चोरला नाही, खाते कोणी फोडले नाही आणि पिनही मी कोणाला सांगितला नाही. एका सहकारी बँकेत मी ३१ वर्षे नोकरी केली, त्यातली बहुतेक रोखपालाच्या खिडकीमागे. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते. पण असे महोत्सव आता आपल्याकडेही होऊ लागले आहेत आणि पुढच्या वेळी त्याच रांगेत तुमच्या घरातले कोणीतरी उभे असेल, म्हणून तपशिलासकट लिहीत आहे.

प्रवेशद्वारावर तिकीट दाखवले की मनगटाला कापडी बँड बांधत होते. त्याची प्लॅस्टिकची कडी पुढे सरकते, मागे येत नाही. बँड काढायचा तर कात्रीच लावावी लागते. आत एक बारीक चिप असते. तिला बॅटरी नसते. वाचणारे यंत्र दोन-चार सेंटिमीटरवर आले की त्याच्याच लहरींवर ती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. मैदानात एकाही स्टॉलवर रोख चालत नव्हती आणि थेट यूपीआयही चालत नव्हते. आधी काउंटरवर जाऊन बँडमध्ये पैसे भरायचे आणि मग स्टॉलवर बँड टेकवायचा, अशी पद्धत होती. किमान भरणा ५०० रुपयांचा, आणि त्यातले १०० बँड ‘चालू करण्याचे’, म्हणजे परत न मिळणारे. पांढऱ्या रश्श्याच्या वाटीसाठी आधी पैशांचेच दुसरे रूप विकत घ्यायचे, ही रीत मला पहिल्यापासून खटकत होती. आपल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांसमोर काढतात, पेला हातात येतो आणि पैसे समोरच्याला पोचतात. मध्ये कोणी नसते. पण मुलगा, सूनबाई आणि सात वर्षांची नात बरोबर होती, सगळ्यांना हौस होती, म्हणून दारातच ५०० रुपये भरले आणि ४०० रुपयांची शिल्लक घेऊन आत गेलो.

चौघांच्या जेवणाला ४०० रुपये पुरणार नव्हते. टॉप-अपच्या दोन्ही काउंटरांपुढे चाळीस-पन्नास माणसांची रांग होती आणि गर्दीमुळे मोबाइलचे नेटवर्क मान टाकत होते. मुलगा नातीला घेऊन रंगमंचाकडे गेला होता, मी रांगेच्या शेपटाला होतो. तेवढ्यात काळा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्राची फीत आणि हातात लॅमिनेट केलेला क्यूआर कोड असा एक तरुण जवळ आला. “काका, लायनीत कशाला थांबलायसा? हितंच करून देतो की,” तो म्हणाला. माझ्या पुढच्या दोघांनी त्याच्याकडूनच भरणा केला. आता वाटते की त्या दोघांपैकी एखादा त्याचाच माणूस असावा. पण तो माझा तर्क आहे, खात्री नाही.

मी कोड स्कॅन केला, रकमेच्या जागी २,००० लिहिले. वर घेणाऱ्याचे नाव आले, ते एका व्यक्तीचे होते. महोत्सवाचे नव्हते, कोणत्या कंपनीचेही नव्हते. मी ते पाहिले आणि कंत्राटदार असेल असे मनाशी म्हणून पुढे गेलो. खिडकीमागे बसून ३१ वर्षांत नावात एका अक्षराचा फरक असलेला धनादेश मी कधी पुढे जाऊ दिला नाही. ग्राहक तावातावाने भांडले, तरी नाही. आणि इथे संपूर्ण नावच वेगळे असताना मी पिन टाकला. यूपीआयच्या ॲपवर दिसणारे हे नाव हल्ली कोणालाही मनाने ठेवता येत नाही. ३० जून २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी बँकेत नोंदलेले नावच दाखवणे ॲपना बंधनकारक आहे. म्हणजे खरी माहिती माझ्या तळहातावर होती.

पैसे गेल्यावर त्याने आपला फोन माझ्या बँडला टेकवला. ‘टिंग’ असा आवाज झाला आणि पडद्यावर हिरव्या रंगात ‘शिल्लक २४००’ आले. हा आवाज आणि हा आकडा, एवढ्यावरच मी समाधान मानले. नंतर कळले की एनएफसीची, म्हणजे जवळ टेकवून चिप वाचण्याची, सोय असलेला कोणताही फोन असा बँड टेकवला की आवाज करतो, कारण चिप आपला क्रमांक कोणालाही सांगते. त्यात पैसे भरले गेले असा त्याचा अर्थ मुळीच नसतो. आणि आकडा? तो त्याच्या फोनवर होता. त्यानेच आधी एकदा बँड वाचून मला विचारले होते, “चारशे हायत ना आत?” मी हो म्हणालो होतो. बेरीज त्याने तोंडी केली असणार.

रश्श्याच्या स्टॉलवरच्या ताईंनी बँड टेकवला आणि म्हणाल्या, “काका, चारशेच दाखवतंय बघा.” मी मागे वळून पाहिले, तो तरुण कुठेच नव्हता. ताई बिचाऱ्या समजूत घालू लागल्या की नेट मंद आहे, कधीकधी भरलेले पैसे दिसायला वेळ लागतो. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. खऱ्या काउंटरवर भरणा केलेल्यांनाही त्या संध्याकाळी तसा अनुभव येत होता. आणि नेमके इथे माझे बँकेतले ज्ञान माझ्यावर उलटले. व्यवहार अडकला तर पैसे आपोआप परत येतात, यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे अडकले तर पाच दिवसांत आणि त्यानंतर उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम मला तोंडपाठ होता. पण तो अडकलेल्या व्यवहाराला लागू होतो. माझा व्यवहार अडकलेलाच नव्हता. तो ज्याला जायचा त्याला व्यवस्थित पोचला होता. ॲपमध्ये ‘यशस्वी’ असे स्पष्ट लिहिलेले असताना मी नियमाच्या भरवशावर रात्रभर गप्प राहिलो. घरच्यांना काही बोललो नाही. मुलाने जेवणाचे पैसे भरले तेव्हा ‘माझा बँड चालत नाही’ एवढेच सांगितले.

खरे मोठे नुकसान या गप्प बसण्यातून झाले. सकाळी मुलगा आणि सून कामावर गेल्यावर, कोणाला कळायच्या आत पैसे परत मिळवावेत म्हणून मी महोत्सवाच्या नावापुढे ‘परतावा’ आणि ‘हेल्पलाइन’ असे शब्द लिहून इंटरनेटवर शोधले. पहिल्याच ठिकाणी एक मोबाइल क्रमांक मिळाला. फसवणारे हिंदीतून बोलतात असा माझा एक समज होता. हा गृहस्थ स्वच्छ, अदबीच्या मराठीत बोलला, मला ‘सर’ म्हणाला, झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर झाला आणि ‘असे बोगस लोक आमच्या कार्यक्रमात शिरतात, तुम्ही पहिले नाही’ असेही म्हणाला. मी आदल्या रात्रीपासून जे कोणाला सांगितले नव्हते ते सगळे त्याला सांगून मोकळा झालो.

मग त्याने सांगितले की परतावा यंत्रणेतूनच निघतो, त्यासाठी एका यूपीआय आयडीवर जाऊन ‘परतावा कोड’ नोंदवावा लागतो. कोड त्याने सावकाश, एकेक अंक करून सांगितला: दोन, चार, आठ, सात, शून्य. मी लिहून घेतला, वाचून दाखवला, तो ‘बरोबर’ म्हणाला. खालच्या रकान्यात इंग्रजीत ‘रिफंड’ लिहायला सांगितले, तेही लिहिले. ‘आता खात्री पटवण्यासाठी पिन टाका, मला सांगू नका हं,’ असे वर बजावले, आणि पिन न विचारणारा माणूस प्रामाणिकच असला पाहिजे असे मला वाटले. तो कोड मी ज्या चौकटीत लिहिला ती रकमेची चौकट होती. ‘चोवीस हजार आठशे सत्तर’ असे तो म्हणाला असता तर माझे कान तत्क्षणी टवकारले असते. आयुष्यभर आकडा मी रकमेसारखाच ऐकत आलो. त्याने रक्कम सुटे अंक करून सांगितली आणि माझ्या कानाला ती रक्कम वाटलीच नाही.

पूर्वी हे लोक पैसे मागणारी ‘कलेक्ट’ विनंती पाठवत आणि आपण ती मंजूर करावी अशी वाट पाहत. व्यक्तीने व्यक्तीला पाठवायची ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. त्यामुळे आता ते आपल्याकडूनच पैसे ढकलून घेतात. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त देताना लागतो, हे वाक्य मी स्वतः कितीतरी खातेदारांना समजावून सांगितले आहे.

बँकेचा संदेश आला तेव्हा तो गृहस्थ अजून फोनवरच होता आणि ‘एकदा पुन्हा कोड टाका, पहिला स्वीकारला गेला नाही’ असे सांगत होता. मी फोन ठेवला. त्यानंतर मात्र वेळ घालवला नाही. सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या क्रमांकावर फोन केला. त्यांनी खाते कोणत्या बँकेत, व्यवहाराची वेळ, रक्कम आणि बारा अंकी व्यवहार क्रमांक विचारला. हा क्रमांक ॲपच्या इतिहासात असतो. तो हाताशी ठेवूनच फोन करावा, शोधण्यात माझी चार-पाच मिनिटे गेली. या तक्रारीवरून पैसे ज्या ज्या खात्यांत गेले तिथे ते रोखून धरण्याची सूचना बँकांना जाते, म्हणून मिनिटांना महत्त्व असते. माझे पैसे तोवर पहिल्या खात्यातून तीन खात्यांत वाटले गेले होते. त्यातल्या एका खात्यात ९,३०० रुपये सापडले आणि तेवढे गोठवले गेले. आदल्या संध्याकाळच्या २,००० रुपयांची तक्रारही तेव्हाच दिली. त्याला चौदा तास उलटून गेले होते आणि त्यातला एक रुपयाही हाती लागला नाही.

बँकेतही गेलो. ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारे रिझर्व्ह बँकेचे १४ डिसेंबर २०१७ चे परिपत्रक सहकारी बँकांसाठी निघाले तेव्हा मी नोकरीत होतो, आमच्या सूचनाफलकावर मीच ते टाचणीने लावले होते. तिऱ्हाइताने खाते फोडले आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवले तर त्याच्यावर काही बोजा नाही. पण ग्राहकाच्याच हयगयीने पैसे गेले तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. शाखाधिकारी माझ्या मुलाच्या वयाचे होते. त्यांनी ते परिच्छेद मला वाचून दाखवले नाहीत, एवढी त्यांची भलाई.

आयोजकांचे उत्तर सरळ होते: आमची फिरती माणसे होती, पण हा आमचा नव्हे. त्यांची फिरती माणसे खरोखरच होती, आणि हीच अडचण आहे. टी-शर्ट आणि गळ्यातली फीत पाहून फरक ओळखता येत नाही. मी नंतर खऱ्या माणसाची पद्धत विचारून घेतली. त्याच्या हातात कार्ड घेणारे यंत्र असते, रक्कम तो त्यात भरतो आणि त्या एका व्यवहारापुरता क्यूआर कोड यंत्राच्या पडद्यावर उमटतो. स्कॅन केल्यावर आपल्या फोनमध्ये रक्कम आधीच लिहिलेली येते आणि नाव कंपनीचे येते. छापील कोड आणि रक्कम मात्र आपण लिहायची, असे असेल तर तो कोणाचाही असू शकतो. महाद्वार रोडवरच्या फेरीवाल्याकडेही छापीलच कोड असतो हे खरे, पण तिथे वस्तू आपल्या हातात आलेली असते आणि पैसे पोचल्याचे त्याचा बोलका डबा मोठ्याने सांगतो. इथे आपण घेतो तो केवळ आकडा. म्हणून भरणा केल्यावर तिथून हलण्याआधी दुसऱ्याच कोणत्या तरी स्टॉलच्या यंत्रावर शिल्लक बघून घ्यावी. भरणाऱ्याच्या फोनवरची शिल्लक ही शिल्लक नव्हे.

मला भेटायला आलेल्या बहुतेकांनी वेगळाच सल्ला दिला: गर्दीत कोणी खिशाजवळ यंत्र आणले तर कार्डातून पिनशिवाय ५,००० रुपयांपर्यंत जातात, म्हणून पाकिटात चांदीचा कागद ठेवा. मर्यादा खरी आहे, १ जानेवारी २०२१ पासून ती ५,००० आहे. पण नव्या कार्डावर ही सोय मुळात बंदच असते, ती आपण चालू करतो आणि ॲपमधून पुन्हा बंदही करू शकतो. चांदीच्या कागदाने माझे काही वाचले नसते.

बँडमधल्या पैशांबद्दल एक गोष्ट आधी ठाऊक असायला हवी होती. फक्त आयोजकाच्याच स्टॉलवर चालणारे असे साधन काढायला रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागत नाही, त्यामुळे बँकांच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल त्यात पडत नाही. उरतो तो ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक. गोठवलेले ९,३०० रुपये सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज केला आहे, तारीख पुढच्या महिन्यातली आहे. बँडमधले ४०० रुपये आयोजकांकडेच राहिले. ते परत मागण्याची मुदत सात दिवसांची होती, अर्जात बँडवरचा क्रमांक लिहायचा होता, आणि बँड मी दुसऱ्याच दिवशी रागाने कात्रीने कापून कचऱ्यात टाकला होता.