पदं हलतात, माणसं हलतात का? सरकारी कार्यालयं राजधानीबाहेर नेण्याच्या तीन वाटा

सरकारी नोकऱ्या राजधानीबाहेर जायला हव्यात, हे मला मनापासून पटतं. शिकलेल्या मुलांना चांगल्या नोकरीसाठी आपलं गाव सोडून एकाच शहरात दाटी करावी लागू नये. प्रश्न आहे तो न्यायचं कसं याचा. वाटा तीन: अख्खं कार्यालय उचलून एका गावात न्यायचं, खाती फोडून अनेक गावांत वाटायची, किंवा कामावर असलेल्यांना न हलवता नवी आणि रिकामी होणारी पदं एखाद्या मध्यम शहरात भरत जायची.

पहिली वाट झटपट वाटते. आदेश निघतो, तारीख ठरते, सामान बांधलं जातं. अमेरिकेत 2019 मध्ये ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचं मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनला न्यायचं ठरलं. कारण बिनबुडाचं नव्हतं, खात्याची बहुतेक जमीन पश्चिमेकडच्या राज्यांतच आहे. 328 पदं वॉशिंग्टनबाहेर जायची होती. प्रत्यक्षात 41 माणसं गेली. बाकीच्या 287 जणांनी निवृत्ती घेतली किंवा दुसरी नोकरी धरली. खुद्द ग्रँड जंक्शनला पोचले तिघे. 2021 मध्ये मुख्यालय वॉशिंग्टनला परत आणायचं ठरलं.

ऑस्ट्रेलियात कीटकनाशकं आणि जनावरांची औषधं यांना मंजुरी देणारी संस्था कॅनबेराहून आर्मिडेलला हलवली. तिथे बसायला जागा तयार नव्हती, म्हणून काही कर्मचारी मॅकडोनाल्ड्समध्ये बसून तिथल्या वाय-फायवर काम करत होते, हे 2017 मध्ये संसदीय समितीपुढे आलं. जागेची अडचण आज ना उद्या सुटते. पण अर्जासोबतचे विषारीपणाचे तक्ते चाळताना ज्याची नजर चुकीच्या आकड्यावर अडते, तो शास्त्रज्ञ सोडून गेला की त्याच्या जागी तसा माणूस तयार व्हायला वर्षं जातात. ब्रिटनचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय लंडनहून वेल्समधल्या न्यूपोर्टला गेलं, तेव्हा लंडनमधल्या सुमारे 90 टक्के कर्मचाऱ्यांनी सोबत जायचं नाकारलं. आकडेवारीच्या दर्जाला त्याचा फटका बसल्याचं 2016 च्या सरकारी आढाव्यातही आलं.

या माणसांना दोष देता येत नाही. जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, म्हातारे आईवडील हे सगळं बदलीच्या आदेशाबरोबर हलत नाही.

दुसऱ्या वाटेवर आयर्लंड गेलं. डिसेंबर 2003 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चार्ली मॅक्रिव्ही यांनी डब्लिनमधली 10,300 पदं तीन वर्षांत 53 ठिकाणी नेण्याची घोषणा केली. प्रत्येक भागाला काहीतरी मिळणार, म्हणून घोषणेचं स्वागत झालं. जाणं ऐच्छिक होतं. त्यामुळे आवडीचं गाव मिळावं म्हणून माणसं खातंच बदलू लागली, आणि एका विषयात मुरलेला माणूस दुसऱ्याच विषयाच्या फायली हाताळू लागला. लहान गावात एकच कार्यालय असलं की बढतीही अडते, कारण वरची खुर्ची दुसऱ्या गावात असते. 2011 मध्ये योजना गुंडाळली, तोवर ठरलेल्या पदांपैकी जेमतेम एक तृतीयांश हलली होती. तिन्हींत मला हीच वाट सगळ्यात वाईट वाटते. पहिलीत निदान एका शहराच्या पदरात काहीतरी पडतं.

तिसरी वाट संथ आहे. पूर्वी स्थानिक परिषदांकडे विखुरलेलं वाहनपरवान्यांचं काम ब्रिटनने एकत्र केलं, तेव्हा ते केंद्र लंडनऐवजी स्वॉन्सीला उभारलं. आज तिथे हजारो लोक काम करतात. 2021 मध्ये जाहीर झालेल्या, उत्तर इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनच्या केंद्रात ब्रिटनच्या अर्थखात्यासोबत इतरही खाती आणायचं ठरलं. बढतीसाठी खातं बदललं तरी घर बदलावं लागू नये, ही सोय मला फार मोलाची वाटते. या वाटेचा तोटाही सांगायला हवा. काही वर्षं दोन्हीकडे कार्यालयं चालवावी लागतात, त्यामुळे राजधानीतल्या भाड्याची बचत लगेच दिसत नाही. ज्याला निवडणुकीआधी फीत कापायची आहे, त्याच्या ती उपयोगाची नाही.

कोणतं काम न्यायचं, हेही वाटेइतकंच महत्त्वाचं आहे. दक्षिण कोरियाने 2012 पासून बहुतेक मंत्रालयं सोलहून सुमारे 120 किलोमीटरवरच्या सेजोंगला नेली, पण संसद सोलमध्येच राहिली. अधिकारी सारखे रस्त्यावर असायचे, इतके की तिथे 'रस्त्यावरचे साहेब' अशा अर्थाचा शब्दच रूढ झाला. ज्या टेबलाला मंत्र्यांशी रोज बोलावं लागतं, ते राजधानीतच असू द्यावं. परवाने, निवृत्तिवेतन, नोंदणी ही कामं खुशाल बाहेर न्यावीत.

तुमच्यासमोर असा प्रस्ताव असेल आणि काम नव्याने सुरू होणार असेल, तर ते बेधडक बाहेर सुरू करा. चालू कार्यालय असेल, तर आधी दोन कागद मागवा. एक, कर्मचाऱ्यांना नाव न लिहिता विचारलेल्या 'तुम्ही जाल का?' या प्रश्नाच्या उत्तरांचा. निम्म्याहून जास्त नकार आले तर तिसरी वाट धरा, मग दहा वर्षं लागली तरी चालतील. दुसरा, हलणाऱ्या पदांच्या श्रेणीनिहाय यादीचा. त्यात फक्त लिपिकांची पदं असतील आणि संचालकांची खुर्ची राजधानीतच राहणार असेल, तर प्रस्ताव परत पाठवा. नाहीतर त्या गावातल्या हुशार मुलीला वर चढायचं असेल तेव्हा राजधानीचीच गाडी धरावी लागेल.