हरण्या आला कुठून? केळीच्या पानाची पीसीआर तपासणी करून घेतल्यावर

रावेर तालुक्यातल्या आमच्या मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी लावलेल्या केळीत, श्रावणात झिमझिम लागून राहिली आणि जी-नाईन जातीच्या केळीच्या पानांवर शिरांना धरून पिवळे पट्टे उठले. काही झाडांचा पोंगा, म्हणजे शेंड्याची कोवळी गुंडाळी, सडला. हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, हे इथलं शाळकरी पोरही ओळखेल. मला कळायला हवं होतं ते एवढंच, की तो रोपांतून आला की बाहेरून. गावात जो तो नर्सरीवाल्याच्या नावानं बोटं मोडत होता.

म्हणून एका खासगी प्रयोगशाळेत रोगट केळीचं पान, जाळीत राखलेल्या उरलेल्या रोपांचं पान आणि बांधापलीकडच्या काकडीचं पान पाठवलं.

काम चोख झालं. हा विषाणू आरएनएचा, त्यामुळे आधी त्यावरून डीएनए बनवतात, मग पीसीआर, म्हणजे त्या डीएनएच्या असंख्य प्रती काढणं. विषाणूच्या बाह्य आवरणाचं जनुक वाढवून ते एमएसपी-वन या विकरानं (एन्झाइमनं) कापलं, की तुकड्यांवरून गट पहिला की दुसरा ते कळतं. आमचा पहिला निघाला, त्यातही उपगट आयबी. भारतात केळीवर बहुतेक हाच सापडतो. तेवढंच लिहून दिलं असतं तर माझे पैसे पाण्यात गेले असते. पण त्यांनी केळी आणि काकडीतल्या विषाणूंचा जनुकक्रम एकाखाली एक मांडून दिला. अक्षरन् अक्षर सारखा! जाळीतल्या रोपांत विषाणूचा मागमूस नाही. आधी काकडीला लागला की केळीला, हे अहवाल सांगत नाही. नर्सरीवाल्यावरचा राग मात्र माझ्यापुरता तिथंच संपला.

तक्रारही आहे. अहवाल सगळा इंग्रजीत, डीएनएचे तुकडे पट्ट्यांसारखे दिसतात त्या जेलच्या फोटोवर कुठला पट्टा कोणत्या नमुन्याचा ते लिहिलेलंच नाही. शेतकऱ्याकडून पैसे घेता तर मराठीत एक पान द्यायला काय हरकत आहे? फोनवरच्या ताईंनी मात्र न कंटाळता सगळं समजावलं.

दोन-चार झाडं दिसली तर तपासणीच्या नादी लागू नका, उपटून पुरून टाका. यावर औषध नाही. मावा ही रस शोषणारी कीड क्षणभर सोंड खुपसते तेवढ्यात विषाणू पोचवते, फवारणी तिथं अपुरी पडते. रोपांवरून वाद असेल तर मात्र ही तपासणी जरूर करा. त्यासाठी लागवडीच्या दिवशीच उरलेली रोपं मावा शिरणार नाही अशा बारीक जाळीत ठेवा. तुलनेला ती नसतील तर अहवाल अर्धाच राहील.