कोहातील नियोजित कामे: तंत्रज्ञाकडे ठेवावीत की ग्रंथालयाच्या टेबलावर आणावीत?

ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारी कोहा ही संगणक प्रणाली बसली, बारकोड लागले आणि देवघेव सुरळीत झाली, की प्रश्न उभा राहतो तो रोज आपोआप व्हायच्या कामांचा. मुदत उलटलेल्या पुस्तकांची स्मरणपत्रे तयार करणे, दंडाची आकारणी करणे, रांगेतील मेल पाठवणे ही सारी कामे क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीवर, चालतात आणि क्रॉन असतो सर्व्हरच्या पोटात. ही कामे ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांना दिसावीत का, आणि दिसल्यावर ती बदलण्याचाही अधिकार त्यांना असावा का, याचा निर्णय जळगाव जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात मला घ्यावा लागला. यासाठी तीन मार्ग आहेत आणि मी तिन्ही वापरून पाहिले आहेत. ज्यांना हा निर्णय आता घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी माझा अनुभव लिहितो.

पहिला मार्ग म्हणजे काहीही न बदलणे. कोहाचे पॅकेज बसवताना क्रॉनच्या फाइली सोबतच येतात. मेलची रांग दर 15 मिनिटांनी तपासली जाते आणि स्मरणपत्रे व दंड रोजच्या कामांच्या फाइलीत असतात. तंत्रज्ञाने एकदा नीट लावून दिले की त्याकडे वर्षानुवर्षे पाहावे लागत नाही. कोणाच्या हातून चुकून ओळ पुसली जाण्याची भीती नाही आणि सुरक्षेच्या दृष्टीनेही हाच मार्ग सर्वांत निर्धोक आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. सर्व्हर भाड्याच्या क्लाउडवर असेल आणि तो सांभाळणारी माणसे फोन उचलत असतील, तर येथेच थांबायला हरकत नाही.

आमचा सर्व्हर मात्र ग्रंथालयाच्याच मागच्या खोलीत आहे. एका उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, रात्री तारा तापून काही विपरीत होऊ नये म्हणून सायंकाळी इमारतीचा मेन स्विच बंद करण्याचा निर्णय झाला. निर्णय योग्यच होता. परंतु आमच्या सर्व्हरवर रोजची कामे सकाळी 6 वाजून 25 मिनिटांनी चालत असत, आणि त्या वेळी आता यंत्रच बंद असे. बंद काळात हुकलेली रोजची कामे यंत्र सुरू झाल्यावर उरकून घेणारा अ‍ॅनाक्रॉन आमच्याकडे बसवलेला नव्हता. परिणामी सकाळी दहाला यंत्र सुरू होई, देवघेव चाले, पुस्तक परत घेताना दंडही हिशेबात येई. फक्त स्मरणपत्रे तयार होत नव्हती, आणि ते कोणालाही दिसत नव्हते.

ते उघड झाले जूनमध्ये, नो ड्यूजच्या खिडकीवर. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून दोन बस बदलून आलेली बी.ए.ची एक विद्यार्थिनी दंडाचा आकडा पाहून गप्प झाली आणि मग हळू आवाजात म्हणाली, “सर, माले मेल उनाच नही.” मी सवयीने तिला स्पॅम फोल्डर पाहायला सांगितले. तिने फोन पुढे केला. स्पॅममध्येही काही नव्हते. मग मी तिच्या खात्यावरील सूचनांची नोंद उघडली, तर सहा आठवड्यांत आमच्याकडून एकही पत्र गेलेले नव्हते. दंड माफ केला, पण त्या मुलीने बोलण्याचे धैर्य केले म्हणून हे कळले. तिच्याआधी किती जणांनी निमूटपणे पैसे भरले असतील, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

यात आणखी एक मेख आहे. पॅकेजसोबतच्या फाइलीत स्मरणपत्रांच्या ओळीला ‘-टी’ हा पर्याय जोडलेला असतो. त्यामुळे पुस्तकाला ठरवलेले नेमके तितकेच दिवस उलटले असतील, त्याच दिवशी पत्र तयार होते. तो दिवस हुकला की ते पत्र कायमचे गेले. हुकलेल्या दिवसाची तारीख देऊन तेच काम पुन्हा चालवता येते, परंतु त्यासाठी दिवस हुकल्याचे आधी कळावे लागते. माझा सारा निर्णय या एकाच गोष्टीवर फिरला: काम झाले की नाही, हे खिडकीवर बसणाऱ्या माणसाला कळत नव्हते.

यावर कोहात अर्धा उपाय आहेच. प्रणालीच्या सेटिंगांत (सिस्टिम प्रेफरन्सेस) क्रॉनच्या कामांची नोंद ठेवण्याचे बटण सुरू केले, की लॉग व्ह्यूअरमध्ये कोणते काम केव्हा चालले हे दिसते, आणि ते पाहण्यापुरती परवानगी सहायकाला देता येते. ज्यांना फक्त पाहायचे आहे, त्यांनी कोणताही मार्ग निवडला तरी हे आजच सुरू करावे. उणीव एवढीच, की न झालेल्या कामाची नोंद होत नाही. आज ओळ नाही, हे रोज कोणीतरी लक्ष देऊन पाहावे लागते.

दुसरा मार्ग कोहाच्याच टास्क शेड्युलरचा. त्याची स्वतंत्र परवानगी असते, लिपिकालाही जमेल इतका सोपा अर्ज असतो आणि लावलेली कामे खाली यादीत दिसतात. नाव ऐकून माझी अपेक्षा मोठी होती, पण तेथे फक्त जतन केलेले अहवाल ठरावीक वेळी मेलने मागवता येतात, आणि तेही एकदाच. दर सोमवारी हवा असेल तर दर सोमवारी पुन्हा लावावा लागतो. स्मरणपत्रांशी आणि दंडाशी त्याचा संबंध नाही. वर्षअखेरच्या अहवालासाठी आम्ही तो अजून वापरतो. वेळ टाकण्यापूर्वी पानावर दिसणारी सर्व्हरची वेळ जरूर पाहावी, कारण सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो.

तिसरा मार्ग क्रॉनटॅब प्लगइनचा, म्हणजे कोहाला वरून जोडायच्या एका पुरवणीचा. त्यामुळे सर्व्हरवर आपला कोहा ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्याचा क्रॉनटॅब, म्हणजे कामांची आणि त्यांच्या वेळांची यादी, कर्मचाऱ्यांच्या पडद्यावरच येतो आणि तेथूनच वेळ बदलता येते. याचे धोके खरे आहेत. ज्याला क्रॉनमध्ये ओळ लिहिता येते, त्याला त्या वापरकर्त्याच्या नावाने कोणतीही आज्ञा चालवता येते, आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइलही त्याच वापरकर्त्याला वाचता येते. म्हणून सर्वांना हा अधिकार देण्याचा सल्ला मी देणार नाही. आमच्याकडे तो माझ्याकडे आणि एका ज्येष्ठ सहायकाकडे आहे. बाकीचे लॉग पाहतात.

तरीही माझे मन याच मार्गाकडे झुकते. वीज कोणत्या वारी जाणार, मेन स्विच केव्हा पडणार, परीक्षेच्या दिवसांत इमारत किती वाजता उघडणार, हे ग्रंथालयात बसणाऱ्याला ठाऊक असते. आमचे तंत्रज्ञ जळगावहून येतात, माणूस भला आहे, पण भारनियमनाचे वेळापत्रक बदलले की प्रत्येक वेळी त्यांना विनवणे आणि ते येईपर्यंत पत्रे हुकू देणे मला पटत नाही. अ‍ॅनाक्रॉन बसवून भागले नसते का, असे कोणी विचारेल. कदाचित भागले असते. परंतु तेही काम झाले की नाही हे पुन्हा तंत्रज्ञालाच विचारावे लागले असते. आता स्मरणपत्रे सकाळी साडेअकराला तयार होतात, आणि सहायक चहाला उठण्यापूर्वी लॉगमधील ओळ पाहून वहीत खूण करतात. तेव्हापासून दोन वेळा ओळ दिसली नाही, आणि दोन्ही वेळा त्याच दुपारी आम्हाला कळले.

हा मार्ग घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. प्लगइनमध्ये ओळी लिहिल्या तरी सर्व्हरवरील जुन्या फाइलींतील ओळी आपोआप थांबत नाहीत. त्या तंत्रज्ञाकडून बंद करून घ्याव्या लागतात. त्याच भेटीत मूळ क्रॉनटॅबची छापील प्रतही काढून घ्यावी. आमची प्रत सर्व्हरच्या खोलीतील कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे, आणि वेळेत केलेला प्रत्येक बदल तिच्यावर तारखेसह पेनाने लिहिलेला आहे.