अटलांटिक जहाजाने ओलांडायचा तर एप्रिलमध्ये पूर्वेकडे की ऑक्टोबरमध्ये पश्चिमेकडे?

हिवाळाभर कॅरिबियनमध्ये फिरणारी मोठी जहाजं एप्रिल-मे महिन्यांत भूमध्य समुद्राकडे निघतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परत येतात. जहाज तर न्यायचंच असतं, मग रिकामं कशाला न्या, म्हणून या रिपोझिशनिंग फेऱ्यांचं दिवसाचं भाडं नेहमीच्या क्रूझपेक्षा बरंच उतरलेलं असतं. प्रवास दोन आठवड्यांच्या आसपासचा, आणि त्यातले निम्म्याहून जास्त दिवस नुसतं पाणी. ओळखीत कोणी निवृत्त झालं आणि मुलं अमेरिकेत असली, की आमच्याकडे हमखास विचारणा होते: यातली पूर्वेकडची फेरी घ्यावी की पश्चिमेकडची? आम्ही नवरा-बायको दोन्ही दिशांनी जाऊन आलो आहोत, म्हणून जे अनुभवलं ते सविस्तर लिहितो.

जहाजावर थिएटर किती, पोहण्याचे तलाव किती, हे कंपनीच्या संकेतस्थळावर असतंच, आणि त्यात दिशेने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो घड्याळाने, वाऱ्याने आणि उतरल्यावर तुम्ही कुठे जाणार त्याने. मुंबई-गोवा किंवा सिंगापूरची तीन-चार रात्रींची क्रूझ केली असेल तर तिच्यावरून मात्र अंदाज बांधू नका. तिथे रोज काहीतरी उरकायचं असतं. इथे आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफचा डोंगर मागे पडला की पुढचे सात-आठ दिवस जमीन दिसत नाही, आणि बऱ्याचदा दुसरं जहाजही दिसत नाही. दुपारी कॅप्टन जहाज कुठे आहे, वारा किती आहे, खाली पाणी किती खोल आहे हे सांगतो, तीच दिवसातली मोठी बातमी. हे ज्याला कंटाळवाणं वाटेल त्याने दोन्ही फेऱ्या सोडाव्यात. आम्हाला ते फार आवडलं.

आता घड्याळ. बार्सिलोना आणि मायामी यांच्या वेळेत ६ तासांचं अंतर आहे. विमानात ते एकदम अंगावर येतं, जहाजावर हप्त्याहप्त्याने वसूल होतं. खुल्या समुद्रात जहाज दिवसाला साधारण ९ रेखांश कापतं आणि १५ रेखांशांना एक तास, म्हणजे दर दीड-दोन दिवसांनी घड्याळ हलवावं लागतं. रात्री जेवून केबिनमध्ये यावं तर उशीजवळ चिठ्ठी ठेवलेली असते. पश्चिमेला जाताना तिच्यावर लिहिलेलं असतं, झोपण्यापूर्वी घड्याळ एक तास मागे करा. पूर्वेला जाताना, एक तास पुढे करा.

वाचायला हा फरक किरकोळ वाटतो. आमच्या हिला थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर उपाशीपोटी घ्यावी लागते आणि त्यानंतर तासभर चहा नाही. पूर्वेकडच्या फेरीत पहिल्यांदा चिठ्ठी आली त्या रात्री कार्यक्रम साडेदहाला संपला होता, म्हणजे खरं तर साडेअकराला. सकाळी नेहमीच्या वेळी जाग आली तर घड्याळ तासभर पुढे. गोळी घेतली, तास काढला, तयार होऊन वर गेलो तेव्हा नाश्त्याची भांडी उचलायला सुरुवात झाली होती. डोशाच्या तव्याशी उभा असलेला मुलगा मडगावचा होता, त्याने शेवटचे दोन डोसे घालून दिले. शरीराला त्या तासाची जेमतेम सवय होते न होते तोच पुन्हा उशीजवळ चिठ्ठी. असं सहा वेळा. दहाचं व्याख्यान बुडायचं, योगाचा सकाळचा वर्ग बुडायचा. शेवटी शेवटी दुपारच्या जेवणानंतर वाचनालयातल्या खुर्च्यांमध्ये निम्मं जहाज डुलक्या घेताना दिसायचं. बार्सिलोनात उतरलो तेव्हा दोघंही जागरण केल्यासारखे होतो, आणि पहिला अख्खा दिवस हॉटेलच्या खोलीत गेला.

ज्यांना पडल्या पडल्या झोप लागते, सकाळी उठून कुठे जायचं नसतं, त्यांना हे कदाचित जाणवणारही नाही. आमचं वय साठीच्या पुढचं, गोळ्यांच्या वेळा ठरलेल्या. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या असतील, विशेषतः इन्सुलिन असेल, तर हे सरकणारं वेळापत्रक निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून घ्या. काही जहाजांवर पूर्वेला जाताना घड्याळ रात्री न हलवता दुपारी १२ वाजता थेट १ करतात. साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्कच्या दरम्यान एरवी ७ रात्रींत जाणाऱ्या क्वीन मेरी २ या जहाजावर तशी पद्धत आहे. झोप वाचते, फक्त नाश्ता जिरायच्या आत जेवणाची वेळ होते. पूर्वेकडचीच फेरी घ्यायची असेल तर तिकीट काढण्यापूर्वी एवढी एक गोष्ट विचारून घ्या.

पश्चिमेला जाताना हेच सगळं तुमच्या बाजूने चालतं. दिवस २५ तासांचा. गजर न लावता पाच वाजता टक्क जाग येते, गोळी घेऊन, तास काढून, चहाचा कप हातात धरून डेकवर जावं तर तिथे फरशी धुणारे दोघं आणि आपल्यासारखेच लवकर उठलेले चार-पाच जण. सूर्य जहाजाच्या मागून, आपण जिथून आलो त्या बाजूने वर येतो. त्या फेरीत आमचा एकही नाश्ता बुडला नाही. रात्री मात्र नऊ वाजताच डोळे मिटायला लागतात, त्यामुळे कार्यक्रमाचा पहिला खेळ आणि जेवणाची पहिली पंगत घेतलेली बरी. रात्री उशिरापर्यंत नाचगाण्यात रमणाऱ्यांना हे आवडणार नाही, तेही खरं.

दुसरी गोष्ट वारा. कॅनरी बेटांच्या दक्षिणेकडून कॅरिबियनपर्यंत ईशान्येचे व्यापारी वारे वाहतात. १४९२ मध्ये कोलंबस कॅनरी बेटांवर थांबून पश्चिमेला निघाला तो याच वाऱ्यांच्या भरवशावर. जहाज इंजिनावर चालत असलं तरी डेकवर बसणाऱ्याला हा वारा कळतोच. जहाजाचा वेग १८ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) धरा आणि मागून १५ नॉटचा वारा, तर डेकवर जेमतेम झुळूक लागते, पुस्तकाची पानंसुद्धा उडत नाहीत. तोच वारा समोरून आला तर ताशी ६० किलोमीटरचा झोत होतो. पूर्वेला जाताना जहाज कॅनरी आणि त्याच्या उत्तरेच्या मदीरा बेटाच्या बाजूने गेलं तर शेवटचे दिवस असे समोरच्या वाऱ्याचे निघू शकतात. आमचे निघाले. वरच्या डेकचे दरवाजे दोरी लावून बंद, खुर्च्या बांधून ठेवलेल्या, चालण्याची फेरी आतल्या गालिच्यावर. त्याहून उत्तरेच्या आझोर्स बेटांच्या बाजूने गेलं तर वारा बहुधा पश्चिमेचा म्हणजे मागून मिळतो, पण तिथे उत्तर अटलांटिकची लांब लाट आणि गारठा असतो, आणि तिथल्या पोंटा देल्गादा बंदराचा थांबा हवामानामुळे ऐनवेळी रद्द होऊ शकतो.

तापमानाची चालही उलटसुलट आहे. ऑक्टोबरच्या शेवटी बार्सिलोनाहून निघालात तर पहिल्या दिवशी स्वेटर लागतो, मदीराला तो कंबरेला बांधला जातो, आणि अर्ध्या समुद्रात पोचेपर्यंत सुटकेसच्या तळाशी गेलेला असतो. पाणी कोमट होत जातं तसे उडणारे मासे दिसायला लागतात. जहाजाच्या नाकाशी फुटणाऱ्या लाटेतून एकदम चांदीच्या रंगाची दहा-बारा पाती सुटतात आणि पाण्याला न टेकता लांबपर्यंत जातात. सारगॅसम नावाच्या पिवळट शेवाळाचे पट्टे वाऱ्याच्या दिशेने सरळ रेषेत तरंगताना दिसतात. खालच्या उघड्या डेकवर कठड्याशी उभं राहिलं तर त्या शेवाळातले मण्यांएवढे फुगेसुद्धा ओळखू येतात. पूर्वेला जाताना याच गोष्टी पहिल्या दोन-तीन दिवसांत संपतात आणि रोज एक कपडा वाढत जातो.

वादळाची भीती सगळे विचारतात. अटलांटिकमधला वादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत मानला जातो, म्हणजे पश्चिमेकडची फेरी कागदावर त्या हंगामातच येते. जहाजं वादळाला वळसा घालतात, पण वळसा म्हणजे एखादं बंदर गाळलं जाणं. ती शक्यता धरून चला. आमच्यापुरतं सांगायचं तर जास्त हलणं पूर्वेकडच्या फेरीत झालं. पण समुद्र कोणाला कसा भेटेल याची हमी देता येत नाही. पोट नाजूक असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली केबिन घ्या, दिशा कोणतीही असो.

खाण्याचं दोन्हीकडे सारखंच. पहिल्याच संध्याकाळी जेवणाच्या मुख्य दालनातल्या प्रमुखाला गाठून शाकाहारी आहोत, भारतीय जेवण हवं असं सांगितलं की दुसऱ्या दिवशीपासून वरण-भात, एखादी भाजी येते. मात्र आदल्या रात्री आठवण करावी लागते. गोवा, वसई, मुंबईचे लोक क्रूझ जहाजांवर खूप आहेत, मराठी ऐकलं की आपणहून विचारपूस करतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या फेरीत बऱ्याच वर्षी दिवाळी येते. जहाजावर पणती, मेणबत्ती काहीही पेटवता येत नाही, बॅटरीवरचे दिवे न्या. फराळ न्यायचा तर सीलबंद पाकिटातला न्या आणि कंपनीला आधी विचारा. आम्ही केबिनबाहेर बॅटरीची चार दिव्यांची माळ लावली होती, ती बघून शेजारच्या जर्मन आजी चकली खायला आल्या.

मग पूर्वेकडची फेरी घेण्यासारखं काहीच नाही का? आहे. ज्यांनी हिवाळा मुलांकडे अमेरिकेत काढला आणि आता परतायचं आहे, त्यांच्यासाठी ती सोयीची आहे. फ्लोरिडापर्यंत मुलगा सोडायला येतो, पुढे विमानाची लांब रात्र नाही, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला युरोपात उतरलात की संध्याकाळी नऊपर्यंत उजेड, गर्दी अजून वाढलेली नाही. दहा-बारा दिवस फिरून मुंबईला पोचलात तर हापूस संपत आला असला तरी मिळतो. उलट पश्चिमेकडून गेलात तर नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत उतरता, आणि मुलगा न्यू जर्सी किंवा शिकागोला असेल तर पुढे थंडीच थंडी. नातवंडांना घेऊन बाहेर हिंडण्याचे दिवस ते नव्हेत. मुलं टेक्सास, कॅलिफोर्निया किंवा फ्लोरिडातच असतील तर हा मुद्दा गळून पडतो. फक्त प्रवास म्हणून विचाराल तर मी पुन्हा पश्चिमेलाच जाईन.

व्हिसा दोन्ही दिशांना अमेरिकेचा आणि शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक), दोन्ही लागतात. वाटेत मोरोक्कोचं बंदर असेल आणि त्यानंतर पुन्हा कॅनरी किंवा मदीरा, तर तुम्ही शेंगेनबाहेर जाऊन परत आत येता, म्हणून तो व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. ट्रॅव्हल एजंट हे बरेचदा सांगत नाहीत. आरोग्य विमा घेताना जहाजावरचे उपचार आणि तिथून किनाऱ्यावरच्या इस्पितळात हलवण्याचा खर्च त्यात आहे ना ते बघा. जहाजावर डॉक्टर असतात, पण समुद्राच्या मधल्या दिवसांत किनाऱ्यावरून हेलिकॉप्टर पोचू शकत नाही. नुकतं ऑपरेशन झालेल्याने या फेऱ्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि बाल्कनीची केबिन घेणार असाल तर बाजू बघून घ्या. या मार्गावर सूर्य दिवसाचा बराच वेळ दक्षिणेकडे असतो. पश्चिमेला जाताना दक्षिण डाव्या हाताला, म्हणजे पोर्ट साइडला येते, पूर्वेला जाताना उजव्या हाताला. इतके दिवस पाण्यात काढायचे तर ऊन कोणत्या बाजूला हे महत्त्वाचं असतं, आणि भाडं दोन्ही बाजूंना बहुधा सारखंच असतं. आम्ही ऑक्टोबरच्या फेरीत डावी बाजू मागून घेतली होती. दुपारी चार वाजताचा चहा रोज तिथेच व्हायचा.