वादळानंतर घर उभं करताना: फेमाची मदत, एसबीएचं कर्ज, राज्याचं अनुदान की घर विकून मोकळं व्हायचं?

२०१७ च्या ऑगस्टमध्ये टेक्ससमध्ये हार्वी चक्रीवादळ आलं, तेव्हा ह्यूस्टन परिसरातल्या कित्येक मराठी घरांत कमरेइतकं पाणी होतं. तेव्हापासून दर मोठ्या वादळानंतर कुणा ना कुणाबरोबर मी फॉर्म भरायला बसते. २०२४ मध्ये हेलीन आणि मिल्टन ही चक्रीवादळं लागोपाठ आली, तेव्हा फ्लोरिडातून फोन आले. प्रश्न बहुतेक तोच होता: फेमाचे (अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आपत्ती संस्थेचे) पैसे घ्यावेत की एसबीएचं (छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी संस्थेचं) कर्ज काढावं?

खरं तर अर्ज दोन्हीकडे करायचा असतो. विचार लागतो तो कर्जावर सही करण्याआधी. एका ठिकाणचे पैसे हातात आले की दुसऱ्या ठिकाणचे तेवढे कमी होतात. एकाच नुकसानीसाठी सरकार दोनदा पैसे देत नाही, आणि या नियमापुढे गयावया करून काही होत नाही.

आधी फेमा. हे पैसे परत करायचे नसतात आणि त्यावर कर नाही. मिल्टनच्या वेळी घरासाठी कमाल मर्यादा ४३,६०० डॉलर होती आणि सामान व इतर गरजांसाठी वेगळी तेवढीच. ‘कमाल’ हा शब्द नीट वाचा. हार्वीच्या वेळी मर्यादा ३३,३०० होती आणि बहुतेकांच्या हाती आलेली रक्कम त्याच्या आसपासही नव्हती. घर राहण्याजोगं, सुरक्षित होईल एवढंच फेमा बघते. ओक लाकडाची फरशी, ग्रॅनाइटचा ओटा हे त्यात धरत नाहीत.

व्हिसावर असलेल्या मित्रांसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे फार गैरसमज आहेत. फेमाची रोख मदत नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळते, एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, असलेल्याला स्वतःच्या नावावर मिळत नाही. पण घरात अमेरिकेत जन्मलेलं मूल असेल, तर त्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर आईवडील अर्ज करू शकतात. हे माहीत नसल्याने अर्जच न केलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि त्याचं अजून वाईट वाटतं. आपत्तीची मदत घेतली म्हणून पुढे ग्रीनकार्डच्या वेळी ‘पब्लिक चार्ज’चा, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून असल्याचा, शिक्का बसत नाही. निवारा आणि समुपदेशन यांसाठी तर कागदपत्रांची अटही नाही.

फेमाचं ‘नाही’ म्हणणारं पत्र आलं तरी फाइल बंद करू नका. पुष्कळदा एखादा कागद कमी असतो, कधी विम्याचं पत्र तर कधी मालकीचा पुरावा. पत्रावरच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करता येतं. आणखी एक गोष्ट: ‘आधी एसबीएचा अर्ज भरा, तो नाकारला गेला की मगच फेमा पुढची मदत देते’ हा हार्वीच्या काळातला सल्ला अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. मार्च २०२४ पासून ती अट नाही.

आता एसबीए. नाव छोट्या उद्योगांचं असलं तरी आपत्तीत घरमालकांना आणि भाडेकरूंनाही हीच संस्था कर्ज देते. २०२३ पासून घराच्या दुरुस्तीसाठी ५ लाख डॉलरपर्यंत आणि सामानासाठी १ लाखापर्यंत. मुदत ३० वर्षांपर्यंत, पहिले १२ महिने हप्ता नाही आणि व्याजही नाही. घर पुढच्या पुरासाठी उंच किंवा मजबूत करायचं असेल तर नुकसानीच्या २० टक्क्यांपर्यंत जादा रक्कम मागता येते. हे फार थोडे लोक मागतात, आणि मला वाटतं या कर्जातला सगळ्यात उपयोगी भाग तोच आहे.

मिल्टनच्या वेळी ‘व्याज २.८१३ टक्क्यांपासून’ असं जाहीर झालं. पण हा दर ज्यांना इतरत्र कर्ज मिळणार नाही त्यांच्यासाठी. पगार चांगला, क्रेडिट स्कोअर चांगला असेल तर दर ५.६२५ टक्के. आपल्याकडची दोघं कमावणारी बरीच कुटुंबं या दुसऱ्या गटात मोडतात. समजा नुकसान १ लाख ६० हजारांचं, फ्लड इन्शुरन्स नाही आणि फेमाने १८ हजार दिले. उरलेल्या १ लाख ४२ हजारांचा ३० वर्षांचा हप्ता कमी दराने महिन्याला सुमारे ५८५ डॉलर, वरच्या दराने सुमारे ८१७. मॉर्गेज चालू असताना त्यावर हा भार. अर्ज करण्याआधी या दोन्ही आकड्यांवर घरात बसून बोला. तरी क्रेडिट कार्डावर दुरुस्ती ढकलण्यापेक्षा ५.६२५ टक्क्यांचं कर्ज कितीतरी बरं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एसबीएवर पूर्ण भिस्त मात्र ठेवू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये, हेलीन आणि मिल्टनच्या ऐन धामधुमीत, त्यांच्याकडचा आपत्तीनिधी संपला. अर्ज घेणं चालू होतं, पण काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, डिसेंबरात पैसे मंजूर करेपर्यंत नवी कर्जं अडकून राहिली.

तिसरा मार्ग म्हणजे राज्यामार्फत येणारं पुनर्बांधणीचं अनुदान. रक्कम मोठी, कधी अख्खं घर बांधून मिळतं, म्हणून मोह होतो. पण हा पैसा काँग्रेसने वेगळा मंजूर करायचा, केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने वाटून द्यायचा, मग राज्याने आराखडा करायचा. हार्वीनंतर टेक्ससची ही योजना लोकांसाठी खुली व्हायला वर्षाहून जास्त लागलं. निधीचा मोठा वाटा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांसाठी राखलेला असतो. तुमच्या घरी दोन आयटीचे पगार असतील तर या रांगेत तुमचा नंबर मागे आहे, हे मनाशी मान्य करा. निवृत्त आईवडिलांचं घर असेल किंवा उत्पन्न बेताचं असेल, तर मात्र थांबण्यात अर्थ आहे.

थांबणाऱ्यांनी २००५ च्या कॅटरिना वादळानंतरची लुइझियानाची ‘रोड होम’ योजना आठवावी. कमाल दीड लाख डॉलर. पण घराची वादळापूर्वीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांतला कमी आकडा धरायचे. त्यामुळे सारख्याच मोडतोडीसाठी ज्या वस्तीत घरांच्या किमती कमी, तिथे मदत कमी मिळाली आणि त्याचा फटका न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांना बसला. प्रकरण कोर्टात गेलं, २०११ मध्ये तडजोड झाली. याच योजनेत घर उंच करायला ३० हजारांपर्यंत मिळत. कित्येकांनी ते नाइलाजाने दुरुस्तीत घातले, आणि राज्याने हजारो घरमालकांवर वसुलीचे दावे लावले. ते मागे घ्यायचं २०२३ मध्ये ठरलं! म्हणून पैसे ज्या कामासाठी आले त्याच कामावर घाला आणि पावती ठेवा.

कर्ज आणि अनुदान यांचा संबंध इथेच येतो. आज उचललेलं एसबीएचं कर्ज उद्या अनुदान ठरवताना ‘मिळालेली मदत’ म्हणून धरलं जाऊ शकतं. हार्वीसारख्या काही आपत्तींसाठी काँग्रेसने यात नंतर सूट दिली, पण ती दरवेळी मिळेल असं गृहीत धरू नका. उत्पन्न अनुदानाच्या मर्यादेत बसत असेल तर सहीआधी विनामूल्य कायदेशीर मदत देणाऱ्याशी बोला. बसत नसेल तर कर्ज लांबवून काही फायदा नाही, भिंतीतली बुरशी थांबत नाही.

चौथा पर्याय, घर सरकारला विकणं, मी पूर्वी हताशपणाचा समजायची. आता समजत नाही. ज्या घरात तिसऱ्यांदा पाणी आलं तिथून निघणं शहाणपणाचं आहे. अर्ज तुम्ही थेट फेमाकडे करत नाही, काउंटी (जिल्हा) किंवा शहर करतं. जमीन पुढे कायमची मोकळी ठेवतात. अडचण वेळेची: पूर्ण व्हायला पाचपाच वर्षं लागल्याची उदाहरणं भरपूर आहेत. फेमाकडून दुरुस्तीसाठी घेतलेली रक्कम पावत्या नसतील तर घराच्या किमतीतून वजा होते. ती वर्षं भाड्याने काढता येणार नसतील तर हा मार्ग कागदावरच राहतो.

यातलं काहीही ठरवण्याआधी, काँट्रॅक्टरला आगाऊ रक्कम देण्याआधी, काउंटीच्या पूरक्षेत्र कार्यालयात एक फोन करा. पूरक्षेत्रातल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च नुसत्या बांधकामाच्या, म्हणजे जमीन वगळून, किमतीच्या निम्म्याला किंवा त्याहून वर गेला, तर घर सध्याच्या नियमांनुसार करावं लागतं, बहुधा उचलून उंच करावं लागतं. हेलीननंतर फ्लोरिडातल्या पिनेलस काउंटीत या नियमाची पत्रं आली तेव्हा काही घरांत नवं ड्रायवॉल (आतल्या भिंतींचे जिप्समचे बोर्ड) लागून रंगही झाला होता.