आजार उलटू नये म्हणून: रुग्णाची एकट्याची थेरपी की घरच्यांसकट?

स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे भास आणि संशय होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचा, पहिला झटका ओसरतो, गोळ्या लागू पडतात, पोरगं घरी येतं आणि मग डॉक्टर म्हणतात, 'आता थेरपीचं बघा.' माझ्या धाकट्या भावाच्या वेळी दोन वाटा समोर होत्या: त्याने एकट्याने सीबीटी (विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी थेरपी) घ्यायची, किंवा आम्ही सगळ्यांनी कौटुंबिक सत्रांना बसायचं. दोन्हींना पुरेल एवढा पैसा आणि सुट्ट्या आमच्याकडे नव्हत्या. सोलापुरात आज कुणी याच विचारात असेल, तर हे त्यांच्यासाठी.

आधी गोळ्यांचं. २०१२ साली ६५ चाचण्या एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला होता. औषधाऐवजी नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांत हेच प्रमाण ६४ टक्के होतं. म्हणून थेरपी गोळ्यांच्या जोडीला घ्यायची, गोळ्या बंद करून नाही. 'बरा झालाय की, आता कशाला गोळ्या?' असं आमच्याकडे मामा म्हणाले, तेव्हा हेच आकडे त्यांना दाखवले.

सीबीटीत संशयाशी वाद घालत नाहीत. 'गल्लीतले माझ्यावरच हसतात' असं वाटलं, तर त्याला दुसरं काही कारण असू शकेल का, हे रुग्ण स्वतः हळूहळू तपासायला शिकतो. भीती कमी होते. पण आजार उलटणं थांबतं का? इंग्लंडमध्ये पहिल्या-दुसऱ्यांदाच आजारी पडलेल्या ३१५ जणांच्या अभ्यासात काहींना पाच आठवडे सीबीटी दिली गेली. दीड वर्षाने त्यांची लक्षणं तुलनेने कमी होती, उलटण्याचं प्रमाण मात्र इतरांएवढंच.

कौटुंबिक सत्रांचा रोख वेगळा. टोचून बोलणं, राग आणि जीव गुदमरेल अशी काळजी ज्या घरांत जास्त, तिथे आजार लवकर उलटतो, हे अनेक देशांत दिसलं आहे. १९८७ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात लंडनच्या तुलनेत चंदीगडच्या घरांत असं वातावरण बरंच कमी आढळलं होतं. आपली माणसं सांभाळून घेतात, ही आपली ताकदच आहे. तरी आमची आई 'उठ, आंघोळ कर, नुसता लोळतोस' हे दिवसातून वीसदा म्हणायची. तो आळस नसून आजाराचाच भाग आहे, हे तिला तिसऱ्या सत्रात पटलं आणि ती तिथेच रडली.

त्याच सत्रांत आम्ही एक कागद तयार केला. मागच्या वेळी झटक्याआधी काय काय झालं होतं? दोन रात्री झोप नाही. मोबाइल उलटा ठेवणं. घरची भाजी न खाता फक्त बिस्किटं. यातल्या दोन गोष्टी दिसल्या की डॉक्टरांना फोन कुणी करायचा, हेही त्यावर लिहिलं. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होम मैदानावर किती वाजेपर्यंत थांबायचं, तेही ठरलं, कारण जागरण त्याला सोसत नाही. सगळं त्याला शेजारी बसवून, त्याच्या मान्यतेने. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. २००८ च्या ब्रिटनमधल्या ३०१ जणांच्या अभ्यासात दोन्हींपैकी एकाही थेरपीने आजार उलटणं कमी झालं नाही. सीबीटीने उदासी मात्र कमी झाली. मेलबर्नमध्ये पहिल्याच झटक्यातून सावरलेल्या ८२ जणांपैकी निम्म्यांना दोन्ही मिळून दिल्यावर पहिल्या सात महिन्यांत फायदा दिसला. तरी अनेक चाचण्यांचा एकत्र हिशोब केला, तर उलटणं टाळण्यात कौटुंबिक सत्रांचं पारडं जड आहे, म्हणून आम्ही ती आधी घेतली.

वेळेचा हिशोबही त्याच बाजूला गेला. ब्रिटनच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत सीबीटीची किमान १६ सत्रं सांगितली आहेत, कुटुंबाची तीन महिने ते वर्षभरात किमान १०. यंत्रमागावर किंवा विड्या वळून पोट भरणाऱ्या घरात एक सत्र म्हणजे बुडालेली मजुरी, हे थेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा. भाषेचंही विचारा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात आजीला मराठीतलं सत्र कितपत पोचेल? आणि सीबीटीच घ्यायची असेल, तर थेरपिस्टची आरसीआयकडची (भारतीय पुनर्वास परिषदेकडची) नोंदणी आणि 'भास-संशय असलेल्यांसोबत किती काम केलंय?' हे दोन्ही विचाराच. नुसतं धीर देणारं काउन्सेलिंग म्हणजे सीबीटी नव्हे.

जवळ कुणीच मिळेना, तरी अडून बसू नका. साताऱ्यासह देशातल्या तीन ठिकाणी २८२ जणांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये छापलेल्या चाचणीत, प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन केलेल्या कामाचाही थोडा पण खरा उपयोग दिसला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

मी उलटा सल्ला कधी देईन? मुलगा पुण्यात एकटा राहत असेल, घरात दारू-मारहाण असेल, किंवा गोळ्या नीट घेऊनही आवाज छळत असतील, तर सीबीटी आधी. माझ्या भावाला दुसऱ्या वर्षी तीच लागली. झटका पुन्हा आला नव्हता, पण 'माझं आयुष्य संपलं' हे त्याच्या मनातून जात नव्हतं, आणि त्यावर आम्हा घरच्यांचं बोलणं पुरत नव्हतं.